अनृणी आणि अप्रवासी: यक्षाचा प्रश्न, वडस्याचं छप्पर आणि आपले हप्ते



आजचं वाचन महाभारताच्या वनपर्वातलं, अगदी शेवटाकडचं यक्षप्रश्न आख्यान. सकाळी ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वनवास संपत आलाय. तहानलेले पांडव पाण्याच्या शोधात एका तळ्यावर जातात. यक्ष म्हणतो, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग पाणी प्या. चौघं भाऊ ऐकत नाहीत आणि एकेक करून काठावर कोसळतात. शेवटी युधिष्ठिर येतो, थांबतो, आणि उत्तरं देतो.

प्रश्न पुष्कळ आहेत. पृथ्वीपेक्षा जड काय, वाऱ्यापेक्षा वेगवान काय, गवतापेक्षा जास्त संख्येने काय. शेवटी यक्ष चार प्रश्न विचारतो: सुखी कोण, आश्चर्य काय, मार्ग कोणता, वार्ता काय. यातलं ‘आश्चर्य’ सगळ्यांना पाठ असतं, प्रवचनांत तेच येतं. पहिल्या प्रश्नावरून मात्र आपण भरभर पुढे जातो. आज तिथेच थांबायचंय.

सुखी कोण? युधिष्ठिराचं उत्तर असं: जो आपल्या स्वतःच्या घरी, उशिरा का होईना, साधी भाजी शिजवून खातो, ज्याच्यावर ऋण नाही आणि जो घरापासून दूर पडलेला नाही, तो सुखी. या ‘उशिरा’चे पाठ वेगवेगळे आहेत. काही प्रतींत दिवसाच्या आठव्या भागात, म्हणजे दिवस मावळता मावळता, असं आहे. काहींत चक्क पाचव्या-सहाव्या दिवशी. कोणताही पाठ घ्या, माणूस श्रीमंत नाही हे उघड आहे. पोटभर रोज मिळतंच असंही नाही. तरी त्याला सुखी म्हटलंय, कारण दोन शब्द त्याच्या बाजूने आहेत: अनृणी आणि अप्रवासी.

आता हे बोलतंय कोण ते बघा. राज्य द्यूतात हरलेला, बारा वर्षं रानात काढलेला माणूस. घर नाही, आणि हरलेल्या पणाचं ओझं अजून फेडतोय. म्हणजे युधिष्ठिर पुस्तकातली व्याख्या सांगत नाहीये. आपल्याकडे जे नाही तेच त्याने सुख म्हणून सांगितलंय. म्हणून हे उत्तर मला फार खरं वाटतं.

आणि म्हणूनच ते आपल्याला टोचतं. हे वाचणाऱ्यांतले बरेच जण पुण्यात, नागपुरात, हैदराबादेत खोली करून राहतात. खात्यातून ५ तारखेला हप्ता जातो, आणि घर सातशे-आठशे किलोमीटरवर. ऋणीही आणि प्रवासीही.

आजचं उदाहरण वडस्याचं घेतो. कागदोपत्री देसाईगंज, स्टेशनच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी वडसा. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे गाव. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हटली की कित्येक वर्षं हे एकच नाव होतं. त्यामुळे पोरं बाहेर जातात तीही इथूनच. वडस्याची दुसरी ओळख झाडीपट्टी रंगभूमीची. नाटक मंडळ्यांची कार्यालयं इथे, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं.

पैशाच्या दृष्टीने या भागाची एक गोष्ट शहरातल्या वाचकाने समजून घ्यायला हवी. इथे पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. धान दिवाळीच्या पुढेमागे हाती येतं, नाटकवाल्यांची कमाई हिवाळ्यात, तेंदूपानाची मजुरी मे महिन्यात. खर्च मात्र बारा महिने. आणि सगळ्यात मोठे खर्च नेमके पावसाळ्यात येतात, जेव्हा कणगी रिकामी होत आलेली असते आणि रोवणीला पैसे लागतात.

जूनच्या शेवटी फोन येतो. “बाबू, घर गळून राह्यलं. कवेलू फेरा लागते.” झाडीपट्टीतल्या कित्येक मुलांना हा फोन ओळखीचा असेल. कवेलू म्हणजे कौलं. ती फेरायला गेलं की खालचे फाटे वाळवीने खाल्लेले निघतात. फाटे बदलेपर्यंत बोअरची मोटर जळते. वैनगंगेकाठी असाल तर पुराची भीती वेगळीच. २०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसेखुर्दचं पाणी सुटलं तेव्हा नदीकाठच्या गावांत घरंच्या घरं पाण्यात गेली. आणि २०२१ पासून रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडकडून या जंगलात उतरलाय. उभं धान तुडवणं तर आहेच, कुरखेडा-कोरचीकडे घरंही पाडली त्यांनी. वनविभागाकडे अर्ज करता येतो, पंचनामा होतो. पण भरपाई हातात पडेपर्यंत डोक्यावर ताडपत्रीच.

पूर आणि हत्ती यांना अनपेक्षित म्हणू. पण गळकं छप्पर? पाऊस दरवर्षी येतो. तारीख ठाऊक नसते इतकंच. आपण ज्याला ‘अचानक आलेला खर्च’ म्हणतो त्यातला निम्मा तरी असाच असतो, वार न सांगता येणारा नेहमीचा पाहुणा.

आता मूळ मुद्दा. अनृणी व्हायचं म्हणून आपल्यातली प्रामाणिक पोरं काय करतात? उरलेला प्रत्येक रुपया कर्जात भरतात. हातात काही ठेवत नाहीत. डोक्यावर देणं असताना पैसे बाजूला ठेवणं त्यांना अप्रामाणिकपणा वाटतो, कधी कधी श्रद्धेची कमतरता वाटते. मग घरून फोन येतो आणि नवीन कर्ज काढावं लागतं. वर्षभर फेडून आकडा तिथल्या तिथे.

याचं उत्तर झाडीपट्टीच्या शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे: बिजाई. पुढच्या पेरणीचं धान आधी वेगळं काढायचं. सावकार दारात उभा असो, घरात तांदूळ संपलेला असो, बिजाईला हात लावायचा नाही. ते खाल्लं किंवा मोजून देऊन टाकलं तर पुढच्या वर्षी देणं फेडणार कशातून? बिजाई राखणारा माणूस देणं बुडवणारा नसतो. देणं फेडता यावं म्हणूनच तो ती राखतो.

गंमत म्हणजे कायद्यालाही हे कळलंय. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० काढून बघा. कर्जदाराविरुद्ध हुकूमनामा झाला तरी काही वस्तूंवर जप्ती आणता येत नाही. त्यात अंगावरचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आहेत. धर्मरूढीप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नयेत ते दागिने आहेत. आणि शेतकरी असेल तर अवजारं, लागणारी जनावरं आणि बियाण्याचं धान्य आहे. यक्षाला सांगितलेल्या त्या भाजीचं पातेलं आणि वडस्याच्या शेतकऱ्याची बिजाई, दोन्ही एकाच कलमात! कोर्ट जे सोडतं ते आपण स्वतःकडून का हिसकावून घ्यायचं?

थोडा हिशोब करू. कंटाळू नका, पुढे एकनाथ महाराज येणार आहेत आणि त्यांना हिशोब आवडायचा.

समजा वडस्याचा एक मुलगा पुण्यात आहे. हातात पगार २८,०००. खोली, जेवण, प्रवास मिळून १५,०००. घरी ५,०००. बाईकचा हप्ता २,८००. उरले ५,२००. क्रेडिट कार्डावर थकबाकी ४५,०००, महिना साडेतीन टक्के व्याज. म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज १,५७५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण साधारण १,८५८. बिलावर जी ‘किमान रक्कम’ छापून येते ती ५ टक्के धरली तर २,२५०. ती भरली की मेसेज येतो, धन्यवाद! पण मुद्दल कमी झालं फक्त ३९२ रुपयांनी. किमान रक्कम भरत राहणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतःच्या बिलावर काढून बघावा.

त्याने पूर्ण ५,२०० दर महिन्याला कार्डात टाकले आणि कार्ड वापरणं बंद ठेवलं, तर चार महिन्यांनी थकबाकी साधारण ३०,८०० राहते. त्याऐवजी १,५०० बिजाई म्हणून वेगळे ठेवून ३,७०० भरले, तर थकबाकी ३७,२०० च्या आसपास आणि हातात ६,०००. दुसऱ्या मार्गाने व्याज जास्त गेलं हे खरं. किती, तर चारशेच्या आत. तेवढ्यात घरून कवेलूचा फोन. खर्च ६,०००. मिस्त्री कार्ड घेत नाही. पहिल्या मार्गावरचा मुलगा कार्डावरून रोख काढतो. त्याचं शुल्क वेगळं, बऱ्याच कार्डांवर किमान ५०० आणि वर जीएसटी, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. वाचवलेले चारशे तिथेच गेले. दुसऱ्याने सहा हजार पाठवले आणि विषय संपला.

पैशात फरक थोडकाच आहे, मान्य. पण एकाला पुन्हा हात पसरावा लागला आणि दुसऱ्याला नाही. अनृणी होण्याची सुरुवात थकबाकी शून्य झाल्यावर होत नाही. ज्या दिवशी नवं ऋण न काढता अडचण निभावली, त्या दिवशीच ती होते. माझ्या मते युधिष्ठिराच्या शब्दाचा आपल्यासाठी आज इतकाच अर्थ पुरे.

बिजाई किती असावी? मोठे आकडे सांगणारे सल्लागार पुष्कळ आहेत. सहा महिन्यांचा खर्च वगैरे. कर्जात असलेल्या पोराला तो आकडा ऐकूनच घाम फुटतो. तुमच्या घराच्या गेल्या दोन पावसाळ्यांत जो सर्वांत मोठा दुरुस्तीखर्च आला, तेवढी रक्कम आधी गाठा. मग राहिलेला सगळा जोर सर्वांत महाग व्याजावर लावा. बिजाई यूपीआय जोडलेल्या खात्यात नको, नाहीतर ती बिर्याणीत जाते. पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत ठेवा. वापरली की पुन्हा भरायची, शेतकरी दरवर्षी भरतो तशी.

आता काही जण म्हणतील, हे सगळं ठीक, पण आपण भक्त ना? तुकोबांनी तर कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. मग आपण इतका हिशोब का करायचा?

ती कथा नीट वाचा. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात सगळं कोसळलं. परंपरा सांगते ती खतं लोकांनी तुकोबांच्या घराला देणं लागत असल्याची होती. म्हणजे त्यांनी बुडवलं ते स्वतःचं येणं. स्वतःचं देणं बुडवल्याची कथा कुठेही नाही. आणि त्याहून बारीक गोष्ट: खतांचे दोन वाटे केले. अर्धा धाकट्या भावाचा, कान्होबांचा, तो त्याच्या हवाली केला, आणि फक्त आपला अर्धा नदीत सोडला. वैराग्याच्या ऐन क्षणीही भावाच्या वाट्याला हात लावला नाही! ‘देव बघून घेईल’ म्हणत हप्ता चुकवणं आणि जामीनदार मित्राला बँकेच्या फोनला तोंड द्यायला लावणं, याला तुकोबांच्या कथेचा आधार मिळत नाही.

दामाजीपंतांचंही तसंच. विठोबा त्यांच्यासाठी बिदरला जाऊन पैसे भरून आला, पण ते धान्य दामाजींनी उपाशी लोकांना वाटलं होतं. नवीन फोनचा हप्ता भरायला विठू आल्याची आख्यायिका मला तरी सापडलेली नाही.

आणि एकनाथ महाराज. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशोबाचं काम त्यांच्याकडे होतं. एका रात्री एका पैची चूक सापडेना. रात्रभर वह्या चाळल्या, सापडली तेव्हा आनंदाने टाळ्या वाजवल्या. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! कीर्तनांत यातला दुसरा भागच रंगवतात. पण पहिला भागही आहे ना. स्वामींनी वही बंद कर म्हटलं नाही. जी एकाग्रता पैसाठी होती तीच पुढे साधनेला लागली. बँकेचं ॲप उघडायची भीती वाटते म्हणून महिनोन्महिने थकबाकी न बघणारा माणूस जपाला बसला तरी मन तिथेच घुटमळतं.

ही भीती कुठून येते? लाजेतून. कर्ज म्हणजे कमीपणा, असं आपल्याला वाटतं. इथे वेद काय म्हणतो बघा. तैत्तिरीय संहितेत सांगितलंय की माणूस जन्मतो तोच तीन ऋणं घेऊन: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. अध्ययनाने, यज्ञाने, संततीने ती फेडायची. म्हणजे ऋणी असणं ही माणसाची जन्मजात अवस्था आहे, कलंक नव्हे. फेडण्याची रीत मात्र नेमून दिलेली आहे. ही दृष्टी घेतली तर घरात तोंड उघडणं सोपं जातं.

कारण सगळ्यात जास्त नुकसान लपवाछपवीने होतं. पोरगा कार्डाचं घरी सांगत नाही, ‘आईबाबांना कशाला टेन्शन.’ बाबा हातउसने घेतलेले पोराला सांगत नाहीत, ‘त्याचं शिक्षण-नोकरी, त्याला कशाला.’ दोघंही एकाच घराचं कर्ज दोन टोकांनी गुपचूप फेडत बसतात. एकाकडे साडेतीन टक्क्यांचं व्याज, दुसऱ्याकडे शेकडा पाचचं. एकत्र बसले तर कळतं की पोराने बाईकसाठी साठवलेल्या वीस हजारांत बाबांचं महाग देणं आधी फिटलं असतं. दिवाळीला किंवा मंडईला घरी जाल तेव्हा नाटकाआधी तासभर काढा. वहीत लिहा: कोणाचं, किती, व्याज काय. मामाकडून घेतलेले बिनव्याजी पैसेही लिहा. व्याज नाही म्हणून ते शेवटी ढकलले जातात आणि नातं त्याची किंमत मोजतं. मामाला फोन करून तारीख सांगा, पाचशे का होईना पाठवत राहा.

शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के, हेही बाबांना एकदा शांतपणे दाखवा, चिडून नाही. आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे: साचलेलं व्याज मुद्दलाच्या वर वसूल करता येत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही ती मर्यादा आहे, आणि परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात होते. कर्ज देणाऱ्या ॲपचे वसुलीवाले छळत असतील तर हेही माहीत असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँका आणि वित्तसंस्थांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, आणि धमकी तर कधीच नाही. देणं द्यायचं आहेच. भीतीने गप्प बसायची गरज नाही.

लग्नाच्या कर्जाबद्दल लिहायला घेतलं तर आजचा लेख संपायचा नाही. झाडीपट्टीत गावोगाव वाचली जाणारी तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आहेच. ऋण काढून लग्नात उधळपट्टी करण्यावर महाराजांनी किती कडक लिहिलंय ते वाचा. तो खर्च अनपेक्षित नसतो, एवढंच आज म्हणतो.

आजचा अभ्यास: संध्याकाळच्या हरिपाठाआधी दहा मिनिटं काढून सगळी देणी एका पानावर लिहा, व्याजदरासकट, आणि ते पान देवासमोर ठेवा. मग घरी फोन लावून छपराची, मोटरची, वायरिंगची चौकशी करा. येत्या पावसाळ्यात काय निघू शकतं ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तो आकडा त्याच पानाच्या मागे लिहा.

उद्या याच आख्यानातला पुढचा प्रश्न घेऊ, आश्चर्य कशाला म्हणायचं तो. वनपर्व हाताशी ठेवा.

राम कृष्ण हरी.